‘मृत्युंजय’ आवडलं नाही, भिशीत सांगू कसं?

पत्र लांब होतं, कापून देते.

“ताई, आम्ही पाच जणी नागपूरच्या महाल भागातल्या एकाच शाळेतल्या. आता एक नंदनवनात, एक खामल्याला, दोघी मनीषनगरात आणि मी प्रतापनगरात. पैशांची भिशी दहा वर्षं चालली. तीन वर्षांपासून तिला पुस्तकाची जोड दिली. जिची चिठ्ठी निघेल तिने पैसे न्यायचे आणि आपलं आवडतं पुस्तक सगळ्यांना वाचायला लावायचं. या वेळी नंदनवनवालीची निघाली. तिने शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, ‘मृत्युंजय’, दिली, जाड म्हणून दोन महिने. बाकी तिघींनी ते कॉलेजातच वाचलेलं, तिघीही त्यावर जीव टाकतात. मनीषनगरातल्या एकीच्या मुलाचं नावच कर्ण. मी मात्र बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतलं.

नंदनवनवालीने मला तिच्या बाबांची प्रत दिली. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी गेले. पहिल्या पानावर ‘दिवाळी १९७९, बोनस’ असं लिहिलंय. आत जागोजागी पेन्सिलीच्या रेघा आहेत, आणि जिथे जिथे रेघ आहे, नेमकं तिथेच मला ते पुस्तक असह्य होतं. सारखं तेज, सारखा सूर्य, सारखे अश्रू. शस्त्रस्पर्धेत कर्णाला कुळ विचारतात, त्या पानाच्या समासात काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, ‘खरे आहे’ लिहून ठेवलंय. आणि द्यूतसभेत द्रौपदीला कर्ण जे बोलला, त्याचं काय? अर्ध्याच्या थोडं पुढे गेले आणि थांबले. उरलेली गोष्ट यूट्यूबवर ऐकली. ग्रुपवर मात्र ‘अप्रतिम’, ‘रडले गं’ असं लिहीत गेले.

आता पोळ्यानंतरची मारबत झाली की येणाऱ्या रविवारी बैठक माझ्याच घरी आहे. नंदनवनवाली म्हणते, सुरुवात तू कर, तू पहिल्यांदा वाचून राहिली ना. खरं सांगते, मला त्यांची थोडी कीव येते. पण त्यांच्याशिवाय नागपुरात माझं कुणी नाही. आजारी पडू का? आणखी एक. प्रतीचं बाइंडिंग सुटलंय, सेलोटेपवर उभी आहे. नवं करून दिलं तर बरं दिसेल ना?
– संकोची, प्रतापनगर”

आजारी पडू नकोस. बैठक तुझ्याच घरी आहे. आजारी पडलीस तर चौघी डबे घेऊन येतील आणि तुझ्या उशाशी बसून कर्णावर बोलतील.

माझी सर्वांत धाकटी बहीणसुद्धा तुझ्याहून बरीच मोठी, तेव्हा अगंतुगं करते. पस्तीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसले. पुस्तक परत करताना लोक जेवढं खोटं बोलतात तेवढं उशिराचा दंड चुकवतानाही बोलत नाहीत. “कसं वाटलं?” म्हणून सहज विचारावं, तर “छान” म्हणतात आणि नजर खाली घालतात. प्रतीच्या कडा मात्र सगळं सांगून टाकतात. वाचलेल्या पानांची कड बोटांनी मळते, आणि वाचक जिथे थांबला तिथून पांढरी पट्टी सुरू होते. काही थोर थोर ग्रंथांची पट्टी मी साठाव्या पानापासून पांढरी पाहिली आहे, नावं घेत नाही. ‘मृत्युंजय’च्या आमच्याकडच्या सगळ्या प्रती शेवटपर्यंत मळक्या असायच्या. यावरून पुस्तक थोर ठरतं असं मी म्हणत नाही. तुझ्या मैत्रिणी नाटक करत नाहीत, एवढंच यावरून दिसतं. नाटक फक्त तू करून राहिलीस.

आता ती ‘कीव’. पत्रातला मला सर्वांत टोचलेला शब्द तो. कीव करायला आपण जरा उंचावर उभं असावं लागतं. तू अर्ध्यावर उभी आहेस आणि उरलेलं यूट्यूबवर ऐकलंस! टॉलस्टॉयला शेक्सपिअर कधीच आवडला नाही. पण पंच्याहत्तरी गाठलेल्या त्या म्हाताऱ्याने पुन्हा एकदा सगळा शेक्सपिअर वाचून काढला, तरीही आवडला नाही, आणि मग त्यावर लांबलचक निबंध लिहिला. १९०६ साली तो छापून आला. शेक्सपिअरचं काही बिघडलं नाही, टॉलस्टॉयचंही नाही. सगळं वाचून नावडण्याचा मान वेगळा आणि अर्ध्यावरून नावडण्याचा वेगळा. “मला पुढे जाववलं नाही” हे तू आज, या घटकेला, कुणालाही सांगू शकतेस. “पुस्तक वाईट आहे” हे तुला अजून म्हणता येत नाही.

आणि तू जिथे थांबलीस तिथे हे पुस्तक संपत नाही. नऊ भाग आहेत आणि सांगणारे सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, भाऊ शोण, बायको वृषाली आणि कृष्ण. शेवटचा भाग कृष्णाच्या तोंडी आहे. तुला जो आवाज सोसवेना तो मुख्यतः कर्णाचा. मग बाकीचे पाच जण वेगळ्या गळ्याने बोलतात का, एवढं बघण्यासाठी तरी पुढे जायचं होतंस. माझं विचारशील तर सगळे एकाच पट्टीत गातात, तेही काळी पाचमध्ये, आणि हीच माझी या पुस्तकाबद्दलची मोठी तक्रार आहे. पण मी ती शेवटचं पान उलटून मग केली आहे. बैठकीला अजून आठ-दहा दिवस आहेत. पुढचं सगळं वाच असं म्हणत नाही, कारण जबरदस्तीने वाचलेलं पुस्तक जबरदस्तीने गिळलेल्या एरंडेलासारखं मनात राहतं. कुंतीचा आणि कृष्णाचा भाग तेवढा वाच. नाहीच जमलं तर अर्धंच वाचलं असं पहिल्या वाक्यातच सांगून टाक.

शिवाजी सावंतांचा जन्म १९४० चा, आणि ‘मृत्युंजय’ आलं १९६७ साली. म्हणजे कोल्हापुरात शाळेत शिकवणारा पंचविशीतला मुलगा सातशे पानांच्या घरातली कादंबरी लिहीत होता. तुला खटकलेलं बरंचसं त्या वयाचं आहे. सूर्य सतत माथ्यावर, अपमान सतत ताजा, आणि जग मुद्दाम आपल्याच वाटेत उभं. सतराव्या वर्षी हातात पडलं तर हे पुस्तक आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटतं. बेचाळिसाव्या वर्षी तेच वाचताना, घरातल्या वयात आलेल्या पोराचं दार आपटणं ऐकून वाटतं तसं काहीसं वाटतं. यात तुझाही दोष नाही, पुस्तकाचाही नाही. तुमची वेळ चुकली.

शिवाय कर्णावर जीव लावण्याची रीत सावंतांपासून सुरू झालेली नाही. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात कर्ण म्हणतो की मी सूत असेन नाहीतर आणखी कुणी, कुळातला जन्म दैवाच्या हाती होता, पौरुष माझ्या हाती आहे. संस्कृत सुभाषितांच्या वह्यांतून हा श्लोक किती पिढ्या फिरला याची गणती नाही. हिंदीत दिनकरांचं ‘रश्मिरथी’ १९५२ सालचं. आपलं नागपूर अर्धं हिंदीतच बोलतं, त्यामुळे त्यातल्या ओळी तोंडपाठ म्हणणारे इथे गल्लीगल्लीत भेटतील. घरात पहिल्यांदा शिकलेला, पहिल्यांदा ऑफिसच्या किंवा मिलच्या दारातून आत गेलेला माणूस होता. त्याला “तुम्ही कुठले? आडनाव काय?” या प्रश्नाची सवय होती. त्या माणसाला कर्णाने एक उत्तर दिलं. उत्तर जरा जास्त नटवलेलं होतं, हे माझंही मत. पण प्रश्न खोटा नव्हता.

गंमत म्हणजे त्याच १९६७ साली मराठीत दुसराही कर्ण आला. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. बाई मानववंशशास्त्राच्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या. महाभारतातली माणसं त्यांनी देव्हाऱ्यातून खाली उतरवून ओट्यावर बसवली आणि शांतपणे बघितली. दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आधी ते वाच, मग तुझी निम्मी चिडचिड ओसरेल, कारण आपल्याला वाटतं तसं वाटणारी मी एकटीच नाही हे कळेल. एकटेपणाच चिडका असतो.

आणि हो, मूळ महाभारतही तुझ्याच बाजूने बरंच बोलतं. द्यूतसभेत द्रौपदीला नको तो शब्द वापरणारा कर्णच आहे, वस्त्रं उतरवायला सांगणाराही तोच. घोषयात्रेत गंधर्वांपुढून तो पळाला, दुर्योधन बांधला गेला, आणि सोडवायला पांडवांना यावं लागलं. उद्योगपर्वात तो कृष्णापाशी आपल्या कडू बोलण्याचा पस्तावा बोलून दाखवतो खरा, पण त्या श्लोकात पांडव आहेत, द्रौपदी नाही. भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते काम १९६६ साली पुरं झालं. “मी सूताला वरणार नाही” हे स्वयंवरातलं द्रौपदीचं सुप्रसिद्ध वाक्य त्या आवृत्तीने मूळ संहितेत ठेवलेलंच नाही, खाली पाठभेदात टाकलं. म्हणजे ज्या एका अपमानावर कर्णप्रेमाची निम्मी इमारत उभी आहे, ती वीट मागाहून कुणीतरी बसवलेली असण्याचा संभव मोठा.

हे वाचताना तुझे डोळे चमकले असतील. एवढा दारूगोळा! यातलं रविवारी काहीही काढू नकोस. एक अक्षर नाही. कादंबरीकाराला कथा वळवण्याची मुभा असते. संस्कृत नाटककार भासाने वळवली, भट्टनारायणाने वळवली, सावंतांनीही वळवली. पण मुख्य कारण ते नाही. तू कर्णाबद्दल बोलशील आणि नंदनवनवालीला बाबांबद्दल ऐकू येईल.

तुझ्या पत्रात मला खरं तर पुस्तक भेटलंच नाही, ती प्रत भेटली. एम्प्रेस मिल म्हणजे १८७७ सालची, जमशेदजी टाटांनी काढलेली, नागपूरच्या कितीतरी घरांच्या चुली जिच्यावर पेटल्या ती. तिथला एक कामगार बोनस हातात आला तेव्हा पोरांचे कपडे, फराळाचं सामान, किराणा दुकानाची उधारी हे सगळं सोडून एक जाडजूड कादंबरी घेतो. घेतो ते घेतो, वर पहिल्या पानावर पैसे कुठून आले तेही लिहून ठेवतो. घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, मला ऐकायला आवडलं असतं. आणि मग पेन्सिल घेऊन बसतो. शाई नाही, पेन्सिल. पुस्तकाचा आदर ठेवून रेघ मारण्याची ती रीत असते.

शस्त्रस्पर्धेच्या पानावर ‘खरे आहे’ लिहिलंय म्हणतेस. बरं, कर्णाचं कुळ विचारलं गेलं यात खरं-खोटं ठरवण्यासारखं काय आहे? ती तर गोष्ट. तो शेरा कर्णाबद्दल नाहीच मुळी. त्या माणसाला कुणी, कुठे, कुठल्या टेबलापुढे उभं करून काय विचारलं असेल ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. मुलीला माहीत असेल किंवा नसेलही. वडील लोक असल्या गोष्टी पुस्तकाच्या समासात लिहितात आणि घरात बोलत नाहीत.

जिथे रेघ तिथे मला असह्य होतं, असं तू लिहिलंस. मला वाटतं, तुला असह्य होतं ते वाक्य आणि तुझ्या मागे बसून ते वाक्य वाचणारा माणूस, दोन्ही एकदम. परक्या माणसाची डायरी हातात पडावी आणि वर तिची भाषा आपल्याला आवडू नये, तसं. मग अपराधी वाटतं, अपराधाचा राग येतो, राग पुस्तकावर निघतो. नवी कोरी प्रत असती तर तू शंभराव्या पानावर मिटून ठेवली असतीस आणि मला पत्र लिहिलं नसतंस.

म्हणून एक काम कर. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल, पण फक्त रेघा वाच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधलं सगळं सोडून, जिथे पेन्सिल आहे तेवढंच. तास-दीड तास लागेल. कुठे रेघ दाबून मारली आहे, कुठे नुसती टिंबं आहेत, कुठल्या भागात पन्नास पन्नास पानं काहीच नाही, ते बघ. सावंतांचं पुस्तक तुला आवडलं नाही तर नाही, काकांचं तरी वाचून हो.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या बाईने स्वतःची फजिती लपवू नये.

तेच १९६७ साल. ग्रेस यांचा पहिला संग्रह, ‘संध्याकाळच्या कविता’, त्याच वर्षीचा. मी कॉलेजात पोचले तोवर आमच्या नागपुरात ग्रेस न आवडणं म्हणजे संत्रं न आवडण्यासारखं झालं होतं. माझी जिवलग मैत्रीण त्यांच्या कवितांनी झपाटलेली. अंबाझरीच्या बांधावर बसून ती एकेक कविता म्हणायची, डोळे मिटून. मला त्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. शब्द सुंदर, नाद सुंदर, आणि माझ्या हाती शून्य. पण मी मान हलवायची. कधी डोळे मिटायची. एकदा तर “ही ओळ अंगावर येते गं” असंही म्हणाले, आणि कुठली ओळ असं तिने विचारू नये म्हणून लगेच शेंगदाण्याची पुडी पुढे केली. अशी चार वर्षं.

मग तिची आई गेली. तेराव्याला घरच्यांत बसून तिने मला सांगितलं की यातली एक कविता तू वाच, मला वाचवणार नाही, आणि तुझ्याइतकी ती दुसऱ्या कुणाला कळत नाही. मी वाचली. बातम्या वाचाव्यात तशी वाचली. स्वल्पविराम कुठे घ्यायचा हेही मला ठाऊक नव्हतं. वाचून झाल्यावर ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी म्हणाली, “तुला हे कधीच आवडलं नव्हतं ना? मग चार वर्षं मी कुणाशी बोलत होते?”

भांडण झालं नाही. आजही आमचं बोलणं आहे, सणावारी जाणं-येणं आहे. गुडघे, सुना, साड्या, सगळ्यावर बोलतो. कविता मात्र तिने माझ्यापुढे पुन्हा कधी काढली नाही. मला पुढे, पन्नाशीनंतर, ग्रेस यांच्या दोन-चार कविता खरोखर आवडल्या. तिला फोन करून सांगावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने सांगू? तिने विश्वास तरी का ठेवावा?

तेव्हा खोटं ‘अप्रतिम’ लिहून आपण मैत्री सांभाळतो असं तुला वाटत असेल तर मला तरी उलटा अनुभव आहे. समोरची बोलत राहते, आपण तिथे नसतोच.

रविवारी काय करायचं? तर आधी हे ग्रुपवर टाकू नकोस. लिहिलेल्या वाक्याला चेहरा नसतो, आणि ‘रडले गं’ नंतर अचानक ‘आवडलं नाही’ आलं की चौघींच्या चार वेगळ्या कॉल्सवर तुझं दहन होईल. नंदनवनवालीला आधी एकटीला सांग. शनिवारी तिच्याकडे जा, किंवा रविवारी तिला तासभर आधी बोलव, पोहे करायला मदत कर म्हणून. चौघींपुढे तिला पहिल्यांदा कळू देऊ नकोस, कारण मग तिला बाबांची बाजू सगळ्यांपुढे लढवावी लागेल आणि तुला द्रौपदीची.

कसं सांगू, असं विचारशील. तुम्ही जसं बोलता तसंच. “ऐक ना, मी ग्रुपवर खोटं लिहिलं. मला नाही जमलं हे पुस्तक, अर्धंच झालं. लाज वाटून राहिली होती सांगायची. पण काकांच्या सगळ्या रेघा वाचल्या मी. ते ‘खरे आहे’ लिहिलंय ना, ते काय आहे गं?” एवढं बोल आणि गप्प बस. चहा ओत. ‘पण’ने सुरू होणारं वाक्य तोंडात आलं तर त्यावर पोहे खा.

ती दुखावली जाईल का? थोडी जाईल. पुस्तकावरून कमी, ‘रडले गं’वरून जास्त, आणि ते योग्यच आहे. रागावून “काहून खोटं बोलली मग?” असं विचारेल. तेव्हा खरं कारण सांग, तेच जे मला लिहिलंस, की तुमच्याशिवाय मला इथे कुणी नाही. हे वाक्य चार पानांच्या शेवटी कोपऱ्यात लिहिलं होतंस. मी तिच्या जागी असते तर माझा राग तिथेच संपला असता. तिचं मी सांगू शकत नाही. महिनाभर फोन आला नाही तर दुसऱ्या महिन्यात तू कर.

दारूगोळा काढू नकोस म्हटलं ते मूळ महाभारताबद्दल. तिला सांगून झाल्यावर चौघींपुढे कादंबरीतल्या द्यूतसभेचा मुद्दा काढायचा असेल तर जरूर काढ. एक वाचक म्हणून तुझा तो हक्क आहे, आणि मुद्दा दमदार आहे. फक्त प्रश्न म्हणून काढ, निकाल म्हणून नको. “तुम्ही सतराव्या वर्षी वाचलं तेव्हा तिथे काय वाटलं होतं गं?” असं विचारलंस तर बघ, तुला वाटतं तितक्या भाबड्या त्या नाहीत. एखादी तरी म्हणेल की मलाही तिथे खटकलं होतं, बोलले नाही. मात्र तो छोटा कर्ण आईबरोबर आला असेल तर मुद्दा त्याच्या झोपेपर्यंत थांबव. पोराला आपल्या नावाचा इतिहास आठवीत गेल्यावर कळला तरी चालतो.

पुढेमागे चिठ्ठी तुझी निघेल तेव्हा ‘युगान्त’ दे. लहान आहे, महिन्यात होतं. आणि मनाची तयारी ठेव, खामल्याची म्हणणार की कोरडं आहे.

राहिलं बाइंडिंग. हे मी अधिकाराने सांगू शकते, कारण पस्तीस वर्षांत शेकडो पुस्तकं मी बाइंडरकडे पाठवली आणि परत घेतली. परस्पर करू नकोस. बाइंडर फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, नव्याने शिवतो, पुठ्ठा चढवतो आणि मग पुस्तक कटरखाली घालून तिन्ही कडा सरळ करतो. त्या कापण्यात कडेचा थोडा कागद जातो. समासात लिहिलेलं असेल तर अक्षरं अर्धी होतात. ‘खरे आहे’मधला ‘आहे’ कचऱ्यात जाईल. शिवाय सेलोटेप ओढून काढू नकोस, जुना कागद तिच्याबरोबर सोलून येतो, आणि पहिल्याच पानावर ती बोनसची ओळ आहे. प्रत आहे तशी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून परत दे. तिला नवं बाइंडिंग हवंच असेल तर दोघी मिळून बाइंडरकडे जा, आणि “कडा कापू नका” हे तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. तोंडी सांगितलेलं ते ऐकत नाहीत.